मदत हवी आहे: आप्पा माळकरी, टिश्यू व्हॉल्व्हला नाही म्हणताहेत

नमस्कार मंडळी. गाव चोपडा तालुक्यात. वडील (आप्पा) ६८ वर्षांचे, हृदयातला एओर्टिक व्हॉल्व्ह (झडप) फार आकसलाय, बदलावाच लागणार. डॉक्टर म्हणतात, या वयात टिश्यू व्हॉल्व्ह बरा. तो गायीच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या व्हॉल्व्हपासून बनवतात. आप्पांनी ऐकून घेतलं, गळ्यातली माळ चिमटीत धरली नि म्हणाले, "मना आंगमा गायनं कातडं? नही रे भो." विषय बंद.

मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम व्हॉल्व्ह जास्त टिकतो, पण रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी जन्मभर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासायला सारख्या फेऱ्या. आप्पा अजून विळा घेऊन स्वतः चारा कापतात. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. टिश्यूवाला साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजतो, पण जन्मभराची ती कटकट सहसा नसते. मला तोच पटतो.

त्यात कुणीतरी आप्पांच्या कानावर घातलंय की आसामात १९९७ साली डुकराचं हृदय बसवलेला माणूस आठवडाभरात गेला. अहो, ते जिवंत हृदय होतं, शरीराने नाकारण्याची भीती मोठी. इथे ऊतीवर रसायनांची प्रक्रिया झालेली असते, जिवंत पेशी उरत नाहीत. पण आप्पांना हे समजावणार कोण?

धाकटा म्हणतो, सांगायचंच नाही, बसवून टाकू. ते होणे नाही. छाती त्यांची, सही त्यांची. (आणि ऑपरेशनात हार्ट-लंग मशीनवर घेताना रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिन बहुतेक डुकराच्या आतड्यापासूनच काढलेलं असतं, म्हणजे मेकॅनिकल घेतला तरी सुटका नाही. हे घरात अजून बोललो नाहीये.)

फैजपूरच्या मित्राच्या वडिलांना डुकराचाच बसवलाय. त्यांच्या मौलानांनी सांगितलं, जीव वाचवायला गरज आहे तर चालतं. ज्यू लोकांतही असाच न्याय आहे. आपल्यात एकाचा शब्द सगळ्यांना लागू होत नाही. आप्पा ऐकले तर कीर्तनकाराचंच ऐकतील. त्यांना मरणाची भीती नाही, माळ उतरवावी लागेल का एवढीच धास्ती आहे.

कुणाच्या घरात माळकरी माणसाला असा व्हॉल्व्ह बसवलाय का? महाराजांनी काय सांगितलं? खेड्यात राहून आयएनआर सांभाळणारे असतील तर तेही लिहा. आणि मुक्ताईनगरकडचे कुणी कीर्तनकार आप्पांशी फोनवर बोलायला तयार असतील तर कृपया व्यनि करा. डॉक्टरांना याच आठवड्यात कळवायचंय.