ग्लो प्लगला डायरेक्ट स्विच टाकू का?

घाटावरचा:
जुनी डिझेल जीप आहे, मेकॅनिकल पंपवाली, महाबळेश्वरला असतो, थंडीत सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते, नुसता पांढरा धूर. ग्लो प्लगचा (थंड इंजिन सुरू करण्याआधी सिलिंडर आतून तापवणारे छोटे हीटर) टायमर गेलाय आणि नवीन मिळत नाहीये. इलेक्ट्रिशियन म्हणतो डॅशवर साधा स्विच टाकून डायरेक्ट देऊ. चालेल का? वायर जळायची भीती वाटते.

जुनंडिझेल:
तसं अजिबात नको करू भाऊ. चार प्लग पॅरललमध्ये असतात, एकेक 10-15 अँपिअर खातो म्हणजे 40 ते 60 झाले, चालू करताना त्याहून जास्त, डॅशचा स्विच वितळेल. बॅटरीवरून जाड वायर, लगेच फ्यूज, मग हेवी रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि तिथून प्लगची पट्टी, म्हणजे चारही प्लग जोडणारी. डॅशच्या स्विचने फक्त रिले चालू करायचा. आणि पुश बटणच घे, बोट काढलं की बंद होणारं, कारण स्विच चुकून चालू राहिला तर प्लगचं टोक जळून सिलिंडरमध्ये पडू शकतं. 8-10 सेकंद दाबलं की बास.

नाशिककर:
आधी प्लग तपासलेस का? पट्टी काढून मल्टिमीटरने प्रत्येकाचा रेझिस्टन्स बघ, साधारण 1 ओहम किंवा कमी हवा. मी सगळं वायरिंग करून बसलो आणि मग कळलं दोन प्लगच मेलेत.

जुनंडिझेल:
हो, आणि प्लगवर लिहिलेले व्होल्टही बघ. नव्या कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) गाड्यांत बऱ्याचदा 5 व्होल्टच्या आसपासचे असतात, त्यांना डायरेक्ट 12 दिले तर लगेच जातात.

घाटावरचा:
11 व्होल्ट लिहिलंय. एक प्लग ओपन दाखवतोय, म्हणजे आतून तुटलाय! आधी तो बदलतो, मग रिले.