एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात मागे पडलेल्या भाचीसाठी पैसे भरून अभ्यास-मार्गदर्शक लावावा का?

राळेगावचा मामा

नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझी भाची विदर्भातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकते. दहावीपर्यंत ती गावातल्या मराठी शाळेत होती, अकरावी-बारावी तालुक्याच्या ठिकाणी झाली, आणि नीटसाठी एक वर्ष थांबून, नागपुरात क्लास लावून तिने हा प्रवेश मिळवला. गावातून एमबीबीएसला गेलेली ती पहिलीच मुलगी असल्यामुळे प्रवेशाच्या वेळी ग्रामपंचायतीने तिचा सत्कारही केला होता, आणि आता तोच सत्कार तिला जड जात आहे असे मला वाटते.

नुकत्याच झालेल्या अंतर्गत परीक्षेत ती ॲनाटॉमी (शरीररचना) आणि बायोकेमिस्ट्री (जीवरसायन) या दोन विषयांत नापास झाली. अभ्यास करत नाही असे मुळीच नाही. वसतिगृहातील तिच्या मैत्रिणीच्या सांगण्यानुसार ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसलेली असते. तिचे स्वतःचे म्हणणे असे की, वाचताना सर्व समजते, परंतु प्रश्नपत्रिका हातात आली की काय लिहावे ते सुचत नाही आणि तोंडी परीक्षेत तर तोंडच उघडत नाही.

एका ऑनलाइन कंपनीने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ‘अकॅडेमिक कोच’ देऊ असे सांगून वर्षभराचे शुल्क एकरकमी मागितले आहे. माझ्या मेहुण्यांकडे कोरडवाहू शेती आहे, कापूस घरात यायचा आहे, त्यामुळे ही रक्कम उसनवारीनेच उभी करावी लागेल. असा कोच नेमके काय करतो, तो क्लासपेक्षा वेगळा असतो का, आणि महाविद्यालयाकडूनच अशी मदत मिळू शकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फिजिओलॉजी शिक्षक, पूर्व विदर्भ

नमस्कार गुरुजी. मी बरीच वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

क्लास विषय शिकवतो. अभ्यास-मार्गदर्शक, तो खरोखर त्या कामाचा असेल तर, विद्यार्थी अभ्यास कसा करतो ते पाहतो. नापास झालेल्या विद्यार्थ्याची अडचण कुठे आहे, हे आधी शोधावे लागते. विषय समजलाच नाही, समजला पण टिकला नाही, टिकला पण इंग्रजीत मांडता आला नाही, किंवा मांडता येत असूनही वेळ पुरला नाही, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांतील फक्त पहिल्या अडचणीवर आणखी व्याख्याने उपयोगी पडतात. बाजारात मात्र चारही अडचणींवर व्हिडिओंचा एकच संच विकला जातो.

‘वाचताना समजते, पेपरात सुचत नाही’ हे तिचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, मिटून, आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत लिहून काढणारे स्पष्टपणे पुढे गेले. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळख वाढते आणि ती ओळखच ज्ञान वाटू लागते. रात्री दोन वाजता पान ओळखीचे दिसते, म्हणून विद्यार्थी समाधानाने झोपतो. नीटच्या तयारीने ही सवय आणखी पक्की होते, कारण तिथे चार पर्यायांतून योग्य उत्तर ओळखायचे असते. विद्यापीठाच्या परीक्षेत प्रत्येक विषयाच्या शंभर-शंभर गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, बहुपर्यायी प्रश्नांचा वाटा थोडा असतो आणि बाकी सर्व कोऱ्या कागदावर स्वतःहून उभे करावे लागते. नीटमध्ये उत्तम गुण मिळवलेली मुलेही पहिल्या वर्षी अडखळतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

तिला पुढील पद्धत एका विषयापुरती करून पाहायला सांगा. ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे) वाचून झाला की पुस्तक मिटावे, आणि सी-५ ते टी-१ या मज्जारज्जूतून निघणाऱ्या मुळांपासून शेवटच्या शाखांपर्यंतची आकृती कोऱ्या कागदावर काढावी. जे राहिले ते लाल पेनाने भरावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद घ्यावा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज मोडण्याच्या, दहा पायऱ्यांचेही तसेच. पण तिथे सर्व पायऱ्या घोकण्याआधी नियंत्रण कोणत्या तीन एन्झाइमांवर आहे ते सांगता आले पाहिजे. सुरुवातीला हे फार हळू आणि अपमानास्पद वाटते, कारण कागद रिकामा दिसतो. याच टप्प्यावर मुले पुन्हा वाचनाकडे वळतात, आणि तेवढ्यापुरते कोणीतरी शेजारी बसणे हीच खरी मदत असते.

दुसरे असे की, गावातल्या मुलांजवळ जे आहे त्याचा आम्ही शिक्षक पुरेसा उपयोग करत नाही. स्वायत्त मज्जासंस्था शिकवताना मी कपाशीवरील फवारणीपासून सुरुवात करतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आमच्या वर्गातील अनेकांना घरून माहीत असते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात, त्यामुळे नसांचा संदेश पोहोचवणारे ॲसिटिलकोलिन साचत जाते. बाहुल्या बारीक होणे, लाळ, घाम, छातीत स्राव आणि मंद नाडी ही लक्षणे त्याच्या मस्करिनिक रिसेप्टरांमुळे (संदेश घेणाऱ्या जागांमुळे) दिसतात, तर स्नायू फडफडणे आणि दुबळे होणे हे निकोटिनिक रिसेप्टरांमुळे. ॲट्रोपिन हे औषध पहिल्या गटावर चालते, दुसऱ्यावर नाही. हे एकदा जुळले की रिसेप्टरांचा तक्ता वेगळा पाठ करावा लागत नाही.

नियमांविषयी थोडक्यात: विद्यापीठ परीक्षेला बसण्यासाठी साधारणपणे सिद्धांत वर्गांत ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांत ८० टक्के उपस्थिती लागते, पहिले वर्ष उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षात जाता येत नाही, आणि पहिल्या वर्षासाठी एकूण चार संधी असतात. अंतर्गत परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्याला सुधारणेची संधी देणे अपेक्षितच आहे. महाविद्यालयाकडे मदत मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे. कोचला एकरकमी पैसे देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतिम वर्ष, मूळ गाव गडचिरोली जिल्हा

सरांनी पद्धत सांगितली आहे. मी भाषेबद्दल लिहिते, कारण माझी खरी अडचण तीच होती. तोंडी परीक्षेत उत्तर डोक्यात असायचे, परंतु पहिले वाक्य इंग्रजीत जुळेपर्यंत परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेलेले असत. व्याकरणाचा वर्ग लावून हे सुटत नाही. आम्ही तिघी मेसमधून आल्यावर रोज थोडा वेळ एकमेकींना प्रश्न विचारायचो, उत्तर मोठ्याने आणि इंग्रजीतच द्यायचे, चुकले तरी मध्ये थांबवायचे नाही असा नियम होता. प्रत्येक प्रकारच्या प्रश्नासाठी सुरुवातीचे एक वाक्य तयार ठेवायचे: हाड हातात दिले तर आधी ते कोणते आणि कोणत्या बाजूचे, नस असेल तर आधी तिची मुळे. पहिले वाक्य बाहेर पडले की पुढची वाट मोकळी होते. लेखी उत्तरालाही हेच लागू आहे. व्याख्या, आकृती, कार्यपद्धती आणि शेवटी रुग्णाशी जोडलेला मुद्दा, हा सांगाडा हाताला बसला पाहिजे.

डिसेक्शन हॉलमध्ये (शवविच्छेदन कक्षात) मागे उभे राहू नये, हेही तिला सांगा. पुढच्या रांगा आत्मविश्वासाने बोलणारी मुले आपोआप घेतात आणि मराठी माध्यमातल्या मुली मागून माना उंचावून पाहतात. मेज गाठण्यासाठी लवकर जावे लागते, म्हणून रात्री दोनपर्यंत जागणे परवडत नाही.

अँकीसारखे, प्रश्नोत्तरांच्या पत्त्यांवर (फ्लॅशकार्डांवर) उजळणी करून घेणारे ॲप वापरायचे असेल तर पत्ते स्वतः आणि थोडेच तयार करावेत. तयार संच बहुधा अमेरिकेतील परीक्षांसाठी केलेले असतात आणि त्यांत हजारो पत्ते साचत जातात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या मागील प्रश्नपत्रिका मात्र सीनियर मुलींकडे सहज मिळतात. त्या आधी पाहाव्यात, म्हणजे कोणता भाग किती खोल वाचायचा ते कळते. बायोकेमिस्ट्री तिला कोरडी वाटत असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारापासून सुरुवात करावी. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते, एवढ्या एका बदलाने आमच्या भागातल्या घराघरांत काय होते ते मी लहानपणापासून पाहिले होते, त्यामुळे प्रथिनांची रचना मला त्याच प्रकरणातून समजली.

राळेगावचा मामा

आपल्या दोघांचे मनःपूर्वक आभार. भाचीशी फोनवर सविस्तर बोललो. कोऱ्या कागदाची पद्धत करून पाहण्यास ती तयार आहे. परंतु मेंटॉरकडे, म्हणजे महाविद्यालयाने विद्यार्थ्याला नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकाकडे, जाण्यास ती कचरते. यादीत तिच्या नावापुढे एका शिक्षकांचे नाव आहे, पण त्यांची भेट आजवर झालेली नाही, आणि स्वतःहून गेले तर ‘कमजोर मुलगी’ म्हणून नाव पडेल आणि ते तोंडी परीक्षेपर्यंत पाठ सोडणार नाही, अशी तिला भीती वाटते. तिने उत्तरपत्रिकाही नीट पाहिलेली नाही. वर्गात वाटली आणि लगेच परत घेतली असे ती सांगते. अशा वेळी बाहेरचा कोचच बरा, असे तिच्या आईला वाटू लागले आहे.

वैद्यकीय अधिकारी, मेळघाट

भाचीच्या आईंचे वाटणे अगदीच चुकीचे नाही. मेंटॉरची योजना अनेक ठिकाणी कागदावरच असते, हे वरच्या सरांनाही मान्य असावे. ज्या व्यक्तीच्या हाती गुण नाहीत तिच्याजवळ विद्यार्थी मोकळेपणाने बोलतो, हा बाहेरच्या मार्गदर्शकाचा खरा फायदा आहे. म्हणून मी सरसकट नकार देणार नाही. मात्र पैसे देण्यापूर्वी त्या कंपनीला विचारा की, मार्गदर्शक तिने लिहिलेली उत्तरे स्वतः वाचून परत देणार का, दर आठवड्याला ठरावीक वेळी तिच्याशी एकट्याने बोलणार का, आणि आपल्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका त्याने पाहिल्या आहेत का. यावर गोलमोल उत्तर आले आणि ‘आमचे व्हिडिओ पाहा’ असे सांगण्यात आले, तर तो क्लासच आहे, फक्त नाव वेगळे. शुल्क महिन्याचे असेल तरच पुढचा विचार करावा. कापूस घरात यायच्या आधी कोणी एकरकमी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावे.

माझी काळजी थोडी निराळी आहे. ती झोपते किती, जेवते का, सणाला घरी यायचे टाळते का, आधी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडाले आहे का, हे आईने विचारावे. मामांनी विचारले तर ती ‘बरे आहे’ एवढेच म्हणेल. या प्रश्नांची उत्तरे वाईट असतील तर अभ्यासाची कोणतीही पद्धत आधी कामाला येणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतोच. तिथे ओळखीचे चेहरे भेटतील म्हणून जायचे नसेल तर टेली मानस ही शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्यासारखे काही ती बोलली, तर परीक्षेचा विचार न करता त्याच दिवशी कोणीतरी तिच्याकडे जावे.

आणि घरच्यांनी प्रत्येक फोनवर गुण विचारणे बंद करावे. गावाने केलेल्या सत्काराची आठवण तर मुळीच काढू नये.

फिजिओलॉजी शिक्षक, पूर्व विदर्भ

मेंटॉरची योजना कागदावर असते, हे मान्य आहे. म्हणूनच ‘मी कमजोर आहे, मदत करा’ असे म्हणत कोणाकडे जाऊ नये. तिने एका दीर्घोत्तरी प्रश्नाचे उत्तर घरच्या कागदावर वेळ लावून लिहावे, ते घेऊन विभागातील ट्यूटरकडे किंवा पदव्युत्तर निवासी डॉक्टरकडे जावे आणि ‘यात गुण कुठे जातात’ एवढेच विचारावे. एवढा नेमका प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी शिक्षकाला कमजोर वाटत नाही, उलट क्वचित भेटणारा वाटतो. तरुण शिक्षक यासाठी बहुधा वेळ काढतात, आणि गुण देणारे परीक्षक बहुतेक वेळा दुसरेच असतात.

उत्तरपत्रिका पुन्हा पाहण्यासाठी विभागप्रमुखांच्या नावे दोन ओळींचा साधा अर्ज करावा आणि त्याच अर्जात सुधारणा चाचणी कधी होणार ते विचारावे. अर्जाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. ॲनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्री एकाच वेळी उचलू नये. पहिले दोन आठवडे फक्त ॲनाटॉमीचा एक भाग, समजा वरचा अवयव (खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात), कोऱ्या कागदावर पक्का करावा, आणि बायोकेमिस्ट्रीचे चालू वर्ग फक्त चुकवू नयेत. पुढच्या अंतर्गत परीक्षेनंतरही गाडी अडलेलीच राहिली, तर वरच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या अटींवर महिन्यापुरता कोच घेऊन पाहण्यास माझी हरकत नाही. तिने लिहिलेल्या एखाद्या उत्तराचा फोटो, नाव आणि हजेरी क्रमांक झाकून, इथे टाकला तर मीही पाहून सांगेन.