सेवा बदलण्याआधी राउटर बघा

या चर्चेत दोघांनी लिहिलंय की घरी इंटरनेट फोन मस्त चालतो, ऑफिसात मात्र आवाज तुटतो, तेव्हा सेवाच बदलावी. माझं मत वेगळं आहे. साध्या फोनच्या दर्जाच्या आवाजाला (जी.७११ ही आवाज डिजिटल करायची पद्धत) सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, पॅकेटचं (आवाज ज्या छोट्या तुकड्यांत पाठवला जातो त्यांचं) ओझं धरून फार तर ८०-९०. एवढं तर आज कुठल्याही ब्रॉडबँडवर मिळतं. दुखणं वेगाचं नसून उशिराचं असतं. शेजारच्या टेबलावरून कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की आवाजाची पॅकेटं रांगेत अडकतात आणि समोरचा "हॅलो, हॅलो" करत बसतो. एका बाजूने लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर गप्पा नीट होतात. त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात.

राउटरमध्ये क्यूओएस (कुठला डेटा आधी जाऊ द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर आवाजाला अग्रक्रम द्या. फोन वायफायवर असेल तर केबलला जोडून बघा. आणि राउटरमधली 'एसआयपी एएलजी' नावाची सोय (यात राउटर इंटरनेट कॉलच्या पॅकेटांमध्ये स्वतः फेरफार करतो) बंद करा. नाव मदतीचं, पण एकतर्फी आवाजाच्या (एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला नाही) कित्येक तक्रारींचं मूळ तिथेच असतं!

घरची लँडलाइन काढून टाकणाऱ्यांसाठी एक: तांब्याच्या तारेच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची. इंटरनेट फोनचं तसं नाही: दिवे गेले की राउटर बंद, फोनही बंद. राउटरपुरता छोटा यूपीएस घ्याच. अमेरिकेत असाल तर ९११ या आपत्कालीन मदतीच्या नंबरासाठी नोंदवलेला पत्ता घर बदलल्यावर लगेच बदला. मदत त्याच पत्त्यावर पाठवली जाण्याची शक्यता असते.