रविवारी पार्किंगमध्ये ऑइल बदलायचंय

बी-३०२: नमस्कार मंडळी. रविवारी बाईकचं ऑइल घरीच बदलावं म्हणतोय. पार्किंगमध्ये केलं तर चालेल ना?

सेक्रेटरी: हरकत ऑइलची नाही सर, डागाची आहे. ए विंगच्या जिन्यापाशी पेव्हरवर काळं वर्तुळ पडलंय, अजून निघालं नाही. कोणी केलं ते आत्ता विचारत नाही.

ए-१०१: गॅरेजवर टाका की हो. मजुरीच्या चार पैशांसाठी कशाला हात काळे करायलेत?

बी-३०२: पैशाचं नाही दादा. पोराला गाडीचं काम दाखवायचंय. सी-२०४ वाले काका, तुम्ही सांगा ना.

ए-१०१: काका टाइप करायलेत. आता चहा ठेवा सगळ्यांनी.

सी-२०४: एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं म्हणून सांगायलोय. फडकी कितीबी अंथरा, सांडायचं ते इंजिनाखालचा ऑइल काढायचा बोल्ट सुटतानाच सांडतं. पान्यानं बोल्ट फक्त ढिला करा. पुढं बोटानं फिरवा, आणि फिरवताना वर दाबून धरा. शेवटचा आटा सुटला की हाताला कळतं. मग झटकन बाजूला ओढायचा. दाबून धरला नाही तर ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं, माणूस हात झटकतो आणि बोल्ट गेला ऑइलात. हातमोजे घाला.

सी-२०४: दुसरं. धार आधी सरळ खाली पडत नाही, तिरकी उडते. ऑइल कमी झालं की मागं सरकत बोल्टाच्या भोकाखाली येते. म्हणून भांडं लांबट पाहिजे आणि धारेच्या दिशेनं लांब ठेवायचं. वरचं ऑइल भरायचं झाकण आधी उघडू नका, बोल्ट निघाल्यावर उघडा, तेवढीच धार सबुरीनं येते. शेवटी दोऱ्यासारखी बारीक धार राहते, ती वाऱ्यानं हलते. तेव्हा भांडं सोडून चहाला जाऊ नका.

डी-१०३: जुनी परात मागायला आमच्याकडं येऊ नका हं.

सी-२०४: परात नकोच वहिनी, उचलताना हिंदकळते. ऑइलचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, टोपण गच्च लावा, आडवा ठेवा आणि वरची बाजू कापा. मेन स्टँडवरच्या गाडीखाली बरोबर बसतो. नंतर त्याच्याच तोंडातून बाटलीत ओतता येतं, नरसाळं लागत नाही.

बी-३०२: इंजिन गरम करायचं का थंडच ठेवायचं?

सी-२०४: दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बास. ऑइल पातळ होतं, घाण घेऊन निघतं. लांबून आल्या आल्या हात लावू नका, पोळेल. आणि सायलेन्सरचा पाइप बोल्टाजवळ असेल तर त्याच्यावर पत्र्याचा तुकडा वाकवून ठेवा. ऑइल पाइपवर पडलं तर पुढच्या फेरीत धूर निघतो अन् लोक म्हणतात इंजिन गेलं. बोल्ट परत कसताना त्याचा वायसर बघा. जोर लावू नका, आटे गेले तर खर्च वेगळाच.

सेक्रेटरी: आणि सांडलंच तर?

सी-२०४: पाणी मारायचं नाही, घासायचं नाही. लाकडाचा भुसा नाहीतर कोरडी माती टाकून दाबायची, तासाभरानं झाडायची. मग कपड्याच्या पावडरची घट्ट लापशी करून ब्रशनं घासायचं. रॉकेल लावू नका, डाग पसरतो.

सेक्रेटरी: पाइपनं धुवायचं तर बिलकुल नाही. पार्किंगचा उतार बोअरच्या शोषखड्ड्याकडं आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, ते विसरू नका. त्या खड्ड्यात ऑइल गेलेलं चालणार नाही.

ए-१०१: जळालेलं ऑइल मला द्या, सेंट्रिंगच्या प्लेटांना लागतं. गावाकडं वाळवीसाठी लाकडालाबी लावतात.

सेक्रेटरी: २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं सर. नाल्यात, कचऱ्याच्या गाडीत नाही आणि तुमच्या साइटवरही नाही. ते घेणाऱ्या गॅरेजवाल्याला बंद बाटलीत नेऊन द्या.

बी-३०२: ठीक. रविवारी सकाळी सातला, डी विंगच्या मागं. तिकडं वारा कमी असतो आणि खाली फरशी नाही, साधा कोबा आहे.

सी-२०४: येतो मी. पाना सतराचा लागतो का बघून ठेवा, नाहीतर माझा घेऊन येतो. आणि ऑइल किती बसतं ते गाडीच्या पुस्तकात बघा, बाटली पूर्ण रिकामी करायचीच असं नसतं.