रविवारी मंडळी जमतायत, आधी कुठली वाईन उघडू?

गंगापूररोडकर: सगळे हौशी, प्रत्येकजण आवडती बाटली आणणार. माझ्याकडे नाशिकचीच चेनिन ब्लाँ (व्हाईट) आणि शिराझ (रेड) आहे, कुठली आधी?

द्राक्षवेडी: चेनिन आधी, डोळे झाकून! ८-१० डिग्रीला गार कर, सोबत चिवडा ठेव. चेनिनचं द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं, पण आपल्या मातीत काय रुळलंय, पेरू-अननसाचा वास येतो, मला तर जाम आवडते.

इगतपुरीवाला: +१. शिराझ नंतर, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली तशीच ओतू नको, १६-१८ डिग्री हवी, म्हणून आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव आणि ग्लास काठोकाठ भरू नको, वास घ्यायला जागा लागते. काळ्या रश्श्याचं मटण असेल तर तिखट बेताचं कर, नाहीतर टॅनिन (रेड वाईनमधला तुरटपणा आणणारा घटक) जिभेला बोचतं.

गंगापूररोडकर: मटणच आहे! तिखट कमी करायला सांगतो.