सदसद्विवेकबुद्धी म्हणजे 'मन खातं' तेच का?

चर्चगेट स्लो: लेकीच्या नागरिकशास्त्रात घटनेचं कलम 25 आलंय, "सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य". मी सांगितलं की अगं चुकीचं वागल्यावर मन खातं ना, तेच ते. तर म्हणते मग त्याला बुद्धी का म्हणतात, मन का नाही? मी गप्प. आणि बरेच जण "सद्विवेकबुद्धी" लिहितात, ते चालतं का?

गिरगावचा मास्तर: नाही चालत. सत् + असत् + विवेक. 'विच्' म्हणजे वेगळं करणं, तांदूळ निवडतो तसं. असत् गाळलंत तर निवडायला खडे कुठून आणणार?! आणि लेक हुशार आहे हो तुमची. टिळकांनी गीतारहस्यात (1915) नेमका हाच वाद घेतलाय. पाश्चात्त्यांतला एक पक्ष म्हणायचा की मनात एक देवता बसलेली असते आणि ती आपोआप बरंवाईट सांगते. टिळकांचं म्हणणं, वेगळी देवता वगैरे काही नाही, बाकीचे निवाडे करते तीच बुद्धी हाही करते. म्हणजे ती चुकूही शकते, गीतेतली तामसी बुद्धी तर अधर्मालाच धर्म समजून बसते. इंग्रजी 'कॉन्शन्स'ला हा शब्द चिकटवला खरा पण माप जरा वेगळं आहे.

भायखळाकर: मग मन खाणं ते वेगळंच की. बौद्धांकडे त्याला दोन शब्द आहेत, पालीत हिरी आणि ओत्तप्प. हिरी म्हणजे स्वतःचीच लाज वाटणं, ओत्तप्प म्हणजे लोक काय म्हणतील, परिणाम काय होईल याची भीती. आपली आजी काय म्हणायची, "जनाची नाही तर मनाची तरी ठेव"! पाली न शिकता दोन्ही आले बघा एका वाक्यात.

दारातला: मी पुस्तकातलं कमी बोलतो, पण काल परळला गाडी सुटता सुटता एक पोरगा धावत आला, दांडा धरला आणि पाय सटकला, तर आतून चार हात एकदम बाहेर, कॉलर, बॅग, मिळेल ते धरून ओढला त्याला. विचार करायला वेळच नव्हता कुणाला. प्राचीन चीनचा विचारवंत मेन्शियस हेच सांगायचा, विहिरीत पडणारं पोर दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं, म्हणजे माणूस मुळात चांगला. पण तेच चार जण दादरला "आत जागा नाहीये" म्हणून त्याच पोराला कोपराने दाबत होते 😄 तिथे मला दुसरा चिनी विचारवंत शुन्त्झ आठवतो, त्याच्या मते माणसाचा स्वभावच वाईट, वाकडं लाकूड वाफेवर धरून सरळ करावं लागतं तसं शिकवावं लागतं. माझं मत विचाराल तर हात बाहेर गेला ती बुद्धी नव्हेच, बुद्धी लागते दादरला.

गिरगावचा मास्तर: दादरला बुद्धी नाही, मुंबईकराला तिघांच्या बाकावर चौथी सीट लागते.

चर्चगेट स्लो: 😂 लेक विचारतेय, पेपरात दादरचं लिहिलं तर मार्क देतील का.