क्रूझ गाठायची तर विमान कधीचं घ्यावं? (अनुभव धागा)

मार्चअखेरीस आईबाबांना घेऊन भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जायचं ठरलंय. बोट बार्सिलोनाहून रविवारी संध्याकाळी सहाला सुटते. केबिन अर्ध्या तासात बुक झाली, विमानांपाशी मात्र तीन आठवडे घोडं अडलंय. रविवारी सकाळी दहाला उतरणारं एक विमान आहे. भाडं कमी, रजेचा एक दिवस वाचतो. नवरा म्हणतो, विमानतळापासून बंदर टॅक्सीने वीस मिनिटांवर, मग एवढं काय!

एवढं काय ते मला ठाऊक आहे, कारण रोमला आमची बोट थोडक्यात चुकता चुकता राहिली होती. कागदपत्रांवर सुटण्याचं ठिकाण 'रोम' लिहिलेलं. पण मोठ्या बोटी लागतात चिविताव्हेकियाला, शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर. विमान रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर दीड तास उशिरा उतरलं, पासपोर्टच्या रांगेत पाऊण तास गेला. मग ट्रास्टेव्हेरे स्टेशनपर्यंत एक ट्रेन, तिथून दुसरी, आणि उतरल्यावर बंदराच्या शटल बसचा थांबा शोधत बॅगा ओढत चालणं. बोट पाचची म्हणजे आपल्याला पाचपर्यंत वेळ, असं मी धरून चालले होते. चढण्याचं दार तासभर आधीच बंद होतं, काही कंपन्या तर दीड तास आधी करतात. आमच्या मागे फक्त एक जोडपं होतं. ते अजून पळत होतं. आमचं पळून झालं होतं.

तर तुम्ही विमानांची जुळवाजुळव कशी केलीत, कुठे फसलात, बोट चुकलीच असेल तर पुढे काय केलंत, ते सविस्तर लिहा.

* * *

आमची चुकली. अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेलहून निघणारी. न्यूयॉर्कपर्यंतचं तिकीट एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, दोन्ही वेगवेगळी काढलेली. कारण अर्थातच स्वस्त पडत होतं. मध्ये साडेतीन तास होते, मला ते भरपूर वाटले.

अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा ताब्यात घ्याव्या लागतात आणि पुन्हा चेक-इन कराव्या लागतात. विमान तासभर उशिरा, रांग दोन तास, बॅगांचा पट्टा सुरू व्हायला अर्धा तास. दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पोचलो तेव्हा ते बंद झालेलं. आणि तिकीट वेगळं असल्यामुळे त्यांच्या लेखी आम्ही न आलेले प्रवासी. परतीचं तिकीटही त्याच बुकिंगमध्ये होतं, तेही रद्द झालं. सगळं एकाच पीएनआरवर असतं तर पुढच्या विमानात बसवणं ही विमान कंपनीची जबाबदारी राहिली असती. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. माहीत असून पैसे वाचवले.

त्या रात्री एका गोष्टीने तारलं. क्रूझच्या कागदपत्रांत शेवटच्या पानावर आपत्कालीन फोन नंबर आणि प्रत्येक बंदरातल्या पोर्ट एजंटचा (तिथल्या जहाजाच्या प्रतिनिधीचा) पत्ता असतो. मी ते पान छापून जवळ ठेवलं होतं. फोन केला, तिसऱ्या दिवशी मेक्सिकोतल्या कोझुमेलला चढायची परवानगी मिळाली. तिथवरची तिकिटं, दोन रात्रींचं हॉटेल, सगळं आमच्या खिशातून. मेक्सिकोत शिरायला आमच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा चालला म्हणून, नाहीतर तेही जमलं नसतं.

* * *

वरच्या दादांना पुढच्या बंदरात चढता आलं. आम्हाला तेवढंही मिळालं नाही, आणि कारण ऐकून तुम्ही चाट पडाल.

सिॲटलहून निघून अलास्का फिरून पुन्हा सिॲटल, अशी सात रात्रींची सहल. त्याच दिवशी सकाळचं विमान होतं, ते तांत्रिक बिघाडामुळे रद्द झालं आणि आम्ही रात्री नऊला पोचलो. मी म्हटलं, ठीक आहे, विमानाने अलास्कातल्या जुनोला जातो आणि तिथे चढतो. क्रूझवाल्या बाईंनी शांतपणे नाही सांगितलं. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याच्या (म्हणजे परदेशात नोंदलेल्या) जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी चढवून दुसऱ्या बंदरात उतरवता येत नाही, वाटेत दूरच्या परदेशी बंदराला लागल्याशिवाय. बहुतेक सगळ्या मोठ्या क्रूझ परदेशी झेंड्याच्याच. वाटेत कॅनडातलं व्हिक्टोरिया होतं, पण ते कायद्याच्या व्याख्येत 'दूरचं' नाही. आम्ही सिॲटलला चढून सिॲटललाच उतरलो असतो तर चाललं असतं. जुनोला चढून सिॲटलला उतरणं म्हणजे कायदेभंग आणि जहाजाला दंड.

सात दिवस सिॲटलमध्ये पाऊस बघितला. विम्याचे थोडे पैसे मिळाले, त्यासाठी विमान रद्द झाल्याचं पत्र विमान कंपनीकडून लेखी घ्यावं लागलं. ते काउंटरवरच मागून घ्या, घरी गेल्यावर ईमेल पाठवून मिळवायला आम्हाला चार महिने लागले.

* * *

सिंगापूर. दोन क्रूझ टर्मिनल आहेत, एक हार्बरफ्रंटला आणि एक मरीना बेला. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ सेंटर' म्हणालो. बाकी तुम्ही समजून घ्या. दोन्हींत फार अंतर नाही म्हणून निभावलं.

* * *

याच जातीचा पण महागात पडलेला अनुभव. क्रूझ 'व्हेनिस'हून, म्हणून व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळाचं तिकीट आठ महिने आधी काढलं, परतावा न मिळणारं. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना शहराच्या मध्यातल्या सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे बऱ्याच बोटी आता राव्हेन्नाहून नाहीतर त्रिएस्तेहून सुटतात. आमची राव्हेन्नाची निघाली. व्हेनिसपासून बसने अडीच-तीन तास! त्यापेक्षा बोलोन्याचा विमानतळ कितीतरी जवळ. पत्रकात शहराच्या नावापुढे कंसात काय लिहिलंय ते आधी वाचायचं. पॅरिसच्या कंसात ल हाव्र असतं, बर्लिनच्या कंसात वार्नेम्युंडे, आणि दोन्ही शहरं बंदरापासून सुमारे २०० किलोमीटर किंवा त्याहून दूर. टोकियोच्या कंसात योकोहामा असेल तर विमान हानेदाचं घ्या, नारिता उलट्या बाजूला पडतं.

* * *

मी क्रूझ कंपनीकडूनच विमानाचं तिकीट घेते, गेल्या तीनही वेळा. त्याबद्दल गैरसमज फार आहेत. त्यांच्याकडून घेतलं की बोट थांबते, असं कुठेही लिहून दिलेलं नसतं. बोट चुकली तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायचं काम त्यांचं, एवढंच. कोपनहेगनला मात्र आम्ही तीस-बत्तीस जण एकाच उशिरा आलेल्या विमानात होतो आणि बोट पन्नास मिनिटं थांबली. मला नाही वाटत दोघांसाठी थांबली असती.

तोटे: विमानं त्यांच्या सोयीची, एकदा तर दोन ठिकाणी बदलायची आली. सीट नंबर फार उशिरा कळतात. आणि एक दिवस आधी पोचायचं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर ते खुशाल त्याच दिवशीचं विमान देतात.

* * *

एक दिवस आधी पोचा, हा सल्ला सगळे देतात. आम्ही तो पाळला, २१ मार्च २०२५ ला. विजेच्या सबस्टेशनला आग लागून लंडनचा हीथ्रो विमानतळ बंद पडला तो शुक्रवार. बोट शनिवारी दुपारी साउदम्प्टनहून, कॅनरी बेटांकडे.

आमचं विमान आकाशातच वळवून पॅरिसला उतरवलं. विमान कंपनीने संध्याकाळी बस देऊ केली, समुद्राखालच्या बोगद्यातून लंडनपर्यंत. पण बसमध्ये बसायला फ्रान्समध्ये शिरावं लागणार, म्हणजे शेंगेन व्हिसा (फ्रान्स, स्पेन वगैरे देशांना मिळून एकच) हवा. तो नसलेले प्रवासी विमानतळाच्या आतच बसून राहिले. आमच्याकडे होता, कारण बेटं स्पेनची आहेत. बसमध्ये बायकोने विचारलं, आपला व्हिसा किती वेळा शिरायचा आहे? पोटात गोळा आला. फ्रान्समध्ये शिरून बाहेर पडल्यावर एक प्रवेश संपला होता. एकाच प्रवेशाचा असता तर बोटीवर चढूच दिलं नसतं. अंधारात मोबाइलच्या उजेडात पासपोर्ट उघडून पाहिला. 'MULT' (मल्टी, म्हणजे अनेक प्रवेशांचा) ही चार अक्षरं मी त्याआधी कधी नीट वाचलीही नव्हती. रात्री दोनला लंडन, सकाळी वॉटर्लूहून ट्रेन, सव्वा तासात साउदम्प्टन. तेव्हापासून मी दोन दिवस आधी जातो. बायकोला ते अति वाटतं.

* * *

मी उलट मत मांडतो, रागावू नका. मी पाच वेळा त्याच दिवशी गेलोय आणि पाचही वेळा पोचलोय. पण माझ्या अटी कडक आहेत. विमान थेट, दिवसातलं पहिलं, देशांतर्गत, आणि त्यानंतर त्याच मार्गावर दुपारपर्यंत निदान दोन विमानं. शिवाय बंदर विमानतळाला खेटून. फोर्ट लॉडरडेलला धावपट्टीवरून बोटींची धुराडी दिसतात. यातली एक अट मोडली की मीही आदल्या दिवशी जातो. समुद्र ओलांडून जायचं असेल तर ताईंच्या यजमानांना माझा पाठिंबा नाही.

* * *

आम्ही वेळेत पोचलो, बॅगा नाही. सातपैकी चार रात्री दोन टी-शर्टवर काढल्या, बोटीच्या दुकानातून घेतलेल्या, छातीवर बोटीचं चित्र. फॉर्मल नाइटलासुद्धा तेच. बॅग हरवल्याची तक्रार देताना मी घरचा पत्ता दिला होता, त्यामुळे पहिली बॅग इमाने इतबारे घरी गेली. त्या फॉर्मवर बोटीचं नाव, केबिन नंबर आणि कोणत्या तारखेला कोणतं बंदर ही यादी जोडायची असते. औषधं हातातल्या पिशवीत होती, तेवढी अक्कल शाबूत होती.

* * *

लॉस एंजेलिस ते सिडनी. १० तारखेला रात्री निघालो, १२ ला सकाळी उतरलो. मध्ये वाररेषा लागते, ११ तारीख आमच्या आयुष्यात आलीच नाही. बोट १२ ची. आम्ही ज्याला 'एक दिवस आधी' म्हणत होतो तो दिवस पॅसिफिकमध्येच बुडाला. बोट मिळाली, पण एजंटसकट चौघांनी ते तिकीट तपासलं होतं.

* * *

परतीचंही लिहा की कुणीतरी. बोट सकाळी सातला लागते म्हणून दहाचं विमान घेऊ नका. आमची अलास्काची बोट व्हिटियरला संपली. तिथून अँकरेजला जायला डोंगरातला चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा आहे, त्यातूनच रेल्वे जाते आणि त्यातूनच मोटारी, आळीपाळीने. आपल्या दिशेची पाळी गेली की बसून राहायचं. दुपारी दोननंतरचं विमान धरा.

* * *

धागाकर्ती पुन्हा. सगळ्यांचे आभार. शनिवारी सकाळी पोचणारं तिकीट काढलं, एकाच पीएनआरवर, म्युनिकला चार तास मध्ये ठेवून. नवऱ्याने वाररेषा आणि हीथ्रो वाचल्यावर वाद घातला नाही. व्हिसा 'मल्टी' आहे का ते बाबांनी स्वतः चष्मा लावून तपासलं.

एक गोष्ट मात्र काल रात्री कॅलेंडर बघताना लक्षात आली. आमचा रविवार मार्चचा शेवटचा आहे. त्या पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. म्हणजे सकाळचं ते दहाचं विमान घेतलं असतं तर हाताशी नेमके किती तास उरले असते, याचा हिशोब नवरा आणि बाबा अजून करतायत आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीयेत.